लाकूड कोणतं, वय किती? : जुन्या चिनी फर्निचरची ओळख

"हे चिनी कपाट नक्की कोणत्या लाकडाचं आहे? आणि किती जुनं असेल?" जुनं चिनी फर्निचर ज्यांच्या घरात आहे ते आणि जे ते विकत घ्यायला निघालेत तेही, हे दोन प्रश्न एका दमात विचारतात. बाजारात उत्तरही एका दमात मिळतं : "रोजवूड आहे, दीडशे वर्षं तरी जुनं." ऐकणाऱ्याचं समाधान होतं, कारण लाकूड भारी म्हणजे वस्तू जुनी, असं आपण धरूनच चालतो.

ही समजूत आधी सोडायला हवी. लाकूड ओळखायचं तर झाड ओळखावं लागतं. वय ओळखायचं तर सुताराच्या हत्यारांच्या आणि वापरणाऱ्यांच्या हातापायांच्या खुणा शोधाव्या लागतात. अत्यंत महाग लाकडाची खुर्ची गेल्या वर्षी केलेली असू शकते आणि साध्या लाकडाचं कपाट दोनशे वर्षांचं असू शकतं. म्हणून या प्रकरणात आधी फक्त लाकूड पाहू, मग फक्त वय.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं एक उत्तर पैशांत देता येतं. मार्च 2015 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात रॉबर्ट एल्सवर्थ यांच्या संग्रहातल्या हुआंगहुआली लाकडाच्या चार खुर्च्या 96 लाख 85 हजार डॉलरना गेल्या. त्याच घाटाच्या खुर्च्या आजही चीनमध्ये तयार होतात. घाट तोच, सांधे तेच. फरक लाकडात आणि काळात, आणि हे दोन्ही नुसत्या नजरेला चटकन दिसत नाहीत.

1. ‘चिनी रोजवूड’ नावाचं एक झाड नाही

चिनी सुतारकामात लाकडाचे ढोबळ दोन वर्ग आहेत. पहिला कठीण, जड, गडद लाकडांचा. हा दरबाराचा, श्रीमंत व्यापाऱ्यांचा. यातली बरीच लाकडं चीनबाहेरून समुद्रमार्गे येत. मिंग राजवटीने (1368–1644) समुद्री व्यापारावरची बंदी 1567 मध्ये सैल केली, त्यानंतर ही आवक वाढली आणि कठीण लाकडाच्या फर्निचरचा बहराचा काळ सुरू झाला. दुसरा वर्ग गावाच्या आसपास मिळणाऱ्या लाकडांचा : एल्म, अक्रोड, सायप्रस, पाइन, पॉप्लर. दुकानांत आज जे जुनं चिनी फर्निचर दिसतं, त्यातलं बहुतेक या दुसऱ्या वर्गातलं असतं.

व्यापारी ज्याला ‘रोजवूड’ म्हणतात त्याला चीनमध्ये ‘होंगमू’ म्हणतात. होंगमू हा अनेक झाडांचा गट आहे. चीनने 2000 मध्ये त्याचं राष्ट्रीय मानक ठरवलं. 2017 मध्ये ते सुधारलं, तेव्हापासून त्यात 5 प्रजातींमधली 29 झाडं आहेत. या यादीत मराठी वाचकाच्या ओळखीची नावं भेटतात. आपल्या जुन्या वाड्यांतले देव्हारे आणि पलंग ज्या शिसवीचे, ती शिसवी या यादीत आहे. आपल्या रस्त्यांच्या कडेला पिवळ्या फुलांनी बहरणारा काशीदही आहे. आणि यादीतलं सर्वांत मानाचं लाकूड तर पूर्णपणे भारतीय आहे.

2. नेहमी भेटणारी लाकडं

हे मानाचं लाकूड म्हणजे झितान, आपलं रक्तचंदन. आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम डोंगररांगांत आणि लगतच्या भागात हे झाड नैसर्गिकरीत्या वाढतं. जगात इतरत्र त्याचं मूळ रान नाही. छिंग राजवटीच्या (1644–1912) बादशहांनी या लाकडाचा साठा करून ठेवला आणि राजवाड्यातली सिंहासनं, पडदे, मेजं त्यातून घडवली. ताजं कापलेलं झितान तांबडं असतं, पण हवा लागत लागत ते जवळजवळ काळं होतं. म्हणून जुना झितान पाहताना लाल रंग शोधू नका, काळसर जांभळी झाक शोधा. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक, नागमोडी रेषा दिसतात. भिंगातून पाहिलं तर त्या रेषा म्हणजे लाकडातल्या सूक्ष्म नळ्या आणि त्यांत अडकलेला लाल डिंक असल्याचं कळतं. झाडाचं खोड फारसं जाड होत नाही आणि बऱ्याचदा आतून पोकळ असतं. त्यामुळे दीड-दोन फूट रुंदीची एकसंध ‘झितान’ फळी कुणी दाखवली, तर शंका घ्यायला पूर्ण जागा आहे.

हुआंगहुआली हे हैनान बेटावरचं झाड, शिसवीच्याच प्रजातीतलं. रंग मधासारख्या पिवळ्यापासून लालसर तपकिरीपर्यंत. उजेडात धरलं की पृष्ठभागाखालून चमक येते. गाठींभोवती रेषा अशा वळतात की डोळे-तोंड असलेले चेहरे भासावेत. चिनी रसिक त्यांना ‘भुताचे चेहरे’ म्हणतात. याच झाडाचा गाभा चिनी औषधांत वापरतात आणि ताज्या कापाला गोडसर सुगंध येतो. मिंग काळातल्या विद्वानांच्या घरातलं, नक्षी जवळपास नसलेलं, रेषेवरच उभं राहिलेलं फर्निचर बहुतांशी याच लाकडाचं आहे. माझ्या मते माणसाने लाकडाच्या सौंदर्यावर विश्वास ठेवून त्याला कमीत कमी हात लावल्याचं याहून चांगलं उदाहरण जगाच्या सुतारकामात सापडणं कठीण.

सुआन्चू हे शिसवीच्या प्रजातीतलं तिसरं लाकूड. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम या भागांतून आलेलं. कापताना आंबूस वास येतो. एकोणिसाव्या शतकात हुआंगहुआली आणि झितान दुर्मीळ झाल्यावर कँटनच्या कारागिरांनी हेच लाकूड उचललं. जड, गडद, संगमरवर बसवलेल्या, शिंपल्याचं जडावकाम केलेल्या आणि ड्रॅगन कोरलेल्या खुर्च्या बहुधा याच्या.

जीछिमू म्हणजे ‘कोंबडीच्या पंखाचं लाकूड’. फिक्या-गडद पट्ट्यांनी पिसांसारखी नक्षी उमटते. जुन्या वस्तूंत यासाठी वेगळी चिनी झाडं वापरली. आधुनिक वस्तूंत आफ्रिकेतलं वेंगे किंवा काशीद असू शकतो.

आता एल्मकडे. चिनी नाव युमू. शान्शी, हपै, शान्तुंग या उत्तरेकडच्या प्रांतांतल्या घराघरातलं हे लाकूड. त्याला लिलावात मान नाही, पण तुमच्यासमोर येणारं कपाट एल्मचंच असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून ते नीट ओळखता यायला हवं. रंग फिका तपकिरी, रेषा ठसठशीत, फळीच्या अंगावर डोंगरासारखे चढत जाणारे आकार. जुन्या एल्मला हात लावला की रेषा बोटांना जाणवतात, कारण दोन रेषांमधला मऊ भाग झिजून खाली बसतो आणि कठीण भाग वर राहतो. दक्षिणेत सूचौच्या परिसरात एल्मच्याच कुळातलं च्युमू वापरलं जाई. ते जास्त घट्ट, आणि त्याच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या मनोऱ्यांसारखी नक्षी दिसते.

आणि कापराचं लाकूड. ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. कसर लागू नये म्हणून लोकरी-रेशमी कपड्यांच्या पेट्या याच्या करत. साध्या, पितळी कोपरे असलेल्या पेट्या एकोणिसाव्या शतकातही समुद्रमार्गे बाहेर जात. चारही बाजूंनी देखावे कोरलेल्या पेट्या मात्र बहुतांशी विसाव्या शतकात हाँगकाँग आणि शांघायमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी झाल्या. त्यांतल्या पुष्कळ पेट्यांना आतून कापराच्या फळ्या आणि बाहेरून सागवान असतं. त्यामुळे आतल्या वासावरून बाहेरच्या लाकडाचं नाव ठरवू नका.

3. भिंग, नाक आणि वजनकाटा

पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून लाकूड ओळखायचा प्रयत्न फुकट जातो. रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे. साधं लाकूड रंगवून गडद करणं सुतारकामाइतकंच जुनं आहे. जिथे पॉलिश नाही अशी जागा शोधा : खणाची मागची बाजू, टेबलाचा तळ, पायाचं जमिनीला टेकणारं टोक.

पायाच्या टोकाला लाकूड आडवं कापलेलं असतं. तिथे दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. झाड पाणी ज्या नळ्यांतून वर नेतं, त्यांची तोंडं तिथे बारीक छिद्रांसारखी दिसतात. एल्ममध्ये प्रत्येक वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते आणि त्यानंतर बारीक छिद्रांचे नागमोडी पट्टे. सागवानातही मोठ्या छिद्रांची अशी वलयं दिसतात, पण हे नागमोडी पट्टे नसतात. शिसवीच्या आणि रक्तचंदनाच्या प्रजातींत छिद्रं सगळीकडे विखुरलेली असतात. एवढा एकच फरक कळला तरी ‘रोजवूड’ म्हणून रंगवलेला एल्म लगेच पकडता येतो.

दुसरं साधन वजन. अख्खं कपाट उचलून काही कळत नाही, पण चिनी कपाटांत एक सोयीची गोष्ट असते. दोन दारांच्या मध्ये उभी पट्टी असते आणि पुष्कळ कपाटांत ती सहज काढता येते. ती काढून मोजा. समजा पट्टी 80 सेंटिमीटर लांब, 4 रुंद आणि 2.5 जाड आहे. गुणाकार केला तर आकारमान 800 घनसेंटिमीटर. वजन 500 ग्रॅम भरलं, तर घनता 500 भागिले 800, म्हणजे साधारण 0.63. हा एल्मच्या आसपासचा आकडा. 720 ग्रॅम भरलं तर 0.9, म्हणजे हुआंगहुआली किंवा शिसवीच्या गटातलं काहीतरी. 850 ग्रॅम भरलं तर 1 च्या वर, म्हणजे पाण्यात बुडणारं लाकूड, आणि झितानचा विचार करायला हरकत नाही. घनता ओलाव्यावर आणि झाडागणिक बदलते, म्हणून हा आकडा नाव सांगत नाही. अशक्य नावं तेवढी गाळून टाकतो. तेवढंही पुष्कळ आहे.

तिसरं साधन कापूस. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस हलकेच घासला आणि तो लालभडक झाला, तर ते रक्तचंदनाचं रंगद्रव्य आहे. मात्र वरून दिलेला रंगही कापसाला लागतो. म्हणून हा प्रयोग पॉलिश नसलेल्या, आतल्या लाकडावरच करायचा. 1990 नंतर मादागास्करमधलं शिसवीच्या प्रजातीतलं एक लाकूड ‘समुद्री झितान’ म्हणून खपवलं गेलं. ते काळं होतं, जडही असतं, पण कापताना आंबूस वास देतं. असा वास रक्तचंदनाला नाही.

महाराष्ट्रात मधुमेहासाठी बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पिण्याची पद्धत आहे. तो पेला उन्हात धरला तर तपकिरी पाण्याच्या कडेला निळसर झाक दिसते. बिबळा आणि रक्तचंदन एकाच प्रजातीतले. या प्रजातीतल्या अनेक लाकडांचा भुसा पाण्यात टाकला की अशीच निळी झाक येते. सुताराने दुरुस्तीसाठी सांधा उघडला आणि चिमूटभर भुसा निघाला, तर तो फेकू नका. झाक आली, तर प्रजातीची दिशा मिळाली.

4. लाकडाचं वय आणि वस्तूचं वय

इथून दुसरा प्रश्न. लोक विचारतात, "प्रयोगशाळेत पाठवून वय कळत नाही का?" कळतं, पण लाकडाचं. चीनमध्ये गेल्या काही दशकांत जुनी घरं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. त्यांतल्या तुळया, खांब, दारं यांच्या जुन्या एल्मपासून नवं फर्निचर होऊ लागलं. जुन्या पैठणीचे काठ काढून नव्या साडीला लावतात, तेव्हा काठावरून साडीचं वय ठरत नाही, इथेही तसंच. शिवाय कार्बन-14 ची पद्धत साधारण 1650 ते 1950 या काळात एकाच मोजमापाला अनेक शक्य तारखा देते, आणि आपल्याला हवा असलेला काळ नेमका तोच. तिचा खरा उपयोग एका बाबतीत. 1950 च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 वाढला. लाकडात ती वाढ सापडली, तर ते झाड त्यानंतर वाढत होतं हे पक्कं.

म्हणून वस्तूचं वय शोधायचं तर वस्तूच वाचावी लागते.

5. सुताराचा हात

चिनी टेबलाचा पृष्ठभाग म्हणजे नुसती फळी नसते. चार पट्ट्यांची चौकट असते, कोपरे तिरपे कापून जोडलेले. चौकटीच्या आतल्या खोबणीत फळी सैल बसवलेली असते आणि फळीखाली आडव्या पट्ट्या सरकवलेल्या असतात. फळीला आक्रसायला आणि फुगायला जागा राहते, म्हणून ती फाटत नाही. सांधे कुसू आणि खाचेचे : एका तुकड्याला कोरलेली खाच, दुसऱ्याला त्यात चपखल बसणारी जीभ, म्हणजे कुसू. गरज पडली तर बांबूची मेख. घोड्याच्या नालासारखी पाठ असलेल्या खुर्चीची गोल कड तीन किंवा पाच तुकड्यांची असते आणि प्रत्येक सांधा मेख ठोकून आवळलेला असतो. गोलाईवरून बोट फिरवलं तर चांगल्या कामात सांधा लागतही नाही.

आता या कामात काळाच्या खुणा कुठे पाहायच्या? टेबल उलटं करा. करवतीचे आणि रंध्याचे माग तिथेच राहतात, कारण तळ कुणी गुळगुळीत करत नाही. हातकरवतीच्या रेषा सरळ पण अंतराने असमान असतात. चक्राकार करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळलेल्या असतात. कमानी दिसल्या, तर ती फळी यंत्रावर कापलेली आहे आणि ‘मिंग काळातलं टेबल’ हा दावा तिथेच संपतो. उलट मात्र खरं नाही. चीनमध्ये हातकरवत विसाव्या शतकातही चालू होती, म्हणून सरळ रेषा दिसल्या तर एवढंच म्हणायचं की दावा अजून खोटा ठरलेला नाही.

तळाला आणखी एक गोष्ट पाहा. चांगल्या वस्तूंच्या तळाला आणि कपाटांच्या पाठीला कापडाचा थर चिकटवून त्यावर लाखेचा लेप देत, ओलावा आत शिरू नये म्हणून. शतकांनंतर तो लेप करडा होतो, त्याला भेगा पडतात, कापडाचे धागे उघडे पडतात. हा उरलेला लेप म्हणजे वस्तूच्या तळाचा सर्वांत बोलका भाग. विकण्यापूर्वी ‘साफसफाई’ म्हणून तो खरवडून काढलेला दिसतो, तेव्हा मला खरोखर हळहळ वाटते. हजारो रुपयांचं पॉलिश जे परत आणू शकत नाही, ते पाच मिनिटांत नाहीसं होतं.

कड्या, कुलपं, बिजागऱ्या जुन्या पद्धतीत पितळेच्या किंवा जस्त-निकेल मिसळलेल्या पांढऱ्या तांब्याच्या असत आणि आतून दुभंगलेल्या खिळीने, दोन टोकं वाकवून, बसवलेल्या असत. दार उघडून आतली बाजू पाहा. वाकवलेली टोकं लाकडात रुतून तिथे काळा डाग पडला असेल तर ती जोडी जुनी आहे. कडीच्या आसपास बुजवलेली जादा भोकं असतील तर कडी नंतर बदलली आहे. स्क्रू किंवा गोल तारेचे खिळे दिसले तर घाई करू नका. ते दुरुस्तीचे असू शकतात. सगळेच सांधे खिळ्यांवर उभे असतील, तर मात्र वस्तू नव्या काळातली.

6. वापरणाऱ्यांच्या खुणा

चिनी खुर्चीच्या पुढच्या दोन पायांमध्ये खाली एक आडवी पट्टी असते. बसणारा त्यावर पाय ठेवत असे. शंभर वर्षं माणसं त्यावर पाय ठेवत आली असतील, तर पट्टीची वरची कड झिजून खोलगट होते, आणि ती झीज एकसारखी नसते. जिथे टाच टेकते तिथे जास्त, कोपऱ्यात जवळजवळ नाही. नकली झीज नेमकी इथे फसते, कारण सँडपेपर सगळीकडे सारखा फिरतो.

पायांची टोकं पाहा. उत्तर चीनमधल्या घरांत फरशी विटांची किंवा मातीची, ओल धरणारी. पायांची टोकं काळी पडतात, कुजतात, मग सुतार ती कापतो. म्हणून चारही पाय सारखे आखूड झालेलं टेबल, किंवा नव्या लाकडाचे तुकडे जोडलेले पाय, हे वयाच्या बाजूचं लक्षण आहे. किमतीत त्याने घट होते, ही गोष्ट वेगळी.

मिंग काळातल्या खुर्च्यांची बैठक वेताने विणलेली असे आणि वेत ओवण्यासाठी चौकटीला भोकं पाडलेली असत. नंतरच्या काळात पुष्कळ बैठका काढून फळ्या बसवल्या गेल्या. फळीच्या खाली, चौकटीच्या कडेने, बुजवलेल्या भोकांची रांग सापडली तर खुर्चीने एक आयुष्य आधीच जगलेलं आहे.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. समजा दाराची फळी 40 सेंटिमीटर रुंद होती आणि ती एक टक्क्याने आक्रसली. म्हणजे 4 मिलिमीटर, दोन्ही कडांना 2-2. फळीच्या कडेला रंग न लागलेली 2 मिलिमीटरची पट्टी उघडी पडते. हे जुनेपणाचं लक्षण म्हणून दाखवलं जातं, पण नीट न वाळवलेलं नवं लाकूड कोरड्या हवेत गेलं तर दोन-चार वर्षांतही एवढं आक्रसतं. त्या उघड्या पट्टीचा रंग पाहा. ताजा, फिका असेल तर आक्रसणं अलीकडचं.

7. घाट, शिक्के आणि लेबलं

घाटावरून काळ ठरवण्याचं शास्त्र तसं तरुण आहे. जर्मन अभ्यासक गुस्ताफ एके यांनी 1944 मध्ये बीजिंगहून चिनी घरगुती फर्निचरवर ग्रंथ काढला. वांग शिश्यांग (1914–2009) यांचं मिंग काळातल्या फर्निचरवरचं मोठं पुस्तक 1985 मध्ये आलं. त्यांच्या संग्रहातल्या 79 वस्तू आज शांघाय म्युझियममध्ये आहेत. त्याच संग्रहालयात पान युनचंग या मिंग काळातल्या माणसाच्या थडग्यातून निघालेलं लाकडी फर्निचरही आहे, बाहुल्यांच्या मापाचं. थडग्याचा काळ ठाऊक असल्यामुळे त्या काळी कोणते घाट होते याचा तो पक्का पुरावा ठरतो. प्रत्यक्ष वस्तूवर तारीख मिळणं फार दुर्मीळ. बीजिंगच्या पॅलेस म्युझियममधल्या एका मोठ्या मेजावर 1640 सालचा कोरीव लेख आहे आणि अभ्यासक त्याचा पुन्हा पुन्हा आधार घेतात, इतके असे लेख कमी आहेत.

पण घाट फक्त सर्वांत आधीची तारीख सांगतो. मिंग घाट छिंग काळात केला गेला, विसाव्या शतकात केला गेला, आजही केला जातो.

लेबलं जास्त उपयोगी. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. 1891 पासून ‘चायना’ असा शिक्का मारलेल्या वस्तू दिसू लागल्या. ‘मेड इन चायना’ ही शब्दरचना त्यानंतर रुळली. ‘पीपल्स रिपब्लिक’ असं लिहिलं असेल तर वस्तू 1949 नंतर बाहेर पडली. शिक्का नसणं हा मात्र कशाचाच पुरावा नाही, कारण इतर देशांत जाणाऱ्या मालाला त्याची गरज नव्हती.

चिनी सरकारच्या छोट्या तांबड्या लाखेच्या शिक्क्याबद्दल फार गैरसमज आहे. तो वयाचा दाखला नाही. ही वस्तू देशाबाहेर नेण्यास हरकत नाही, एवढंच तो सांगतो. 2007 पासून 1911 पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तू चीनबाहेर नेण्यास बंदी आहे. त्यानंतर रीतसर बाहेर आलेली वस्तू ‘मिंग काळातली’ असल्याचं कुणी सांगत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

8. मुंबईतलं एक खास कोडं

मुंबईत ही ओळख पटवणं आणखी अवघड होतं, त्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांचा कँटनशी मोठा व्यापार होता आणि चिनी भांडी, गारा साड्या यांबरोबर कोरीव काळं फर्निचरही इथल्या घरांत आलं. त्याच काळात मुंबईतले कारागीर शिसवीचं भरगच्च कोरीव फर्निचर करत होते, ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून ते प्रसिद्ध होतं. दोन्ही गडद, दोन्ही जड, दोन्ही नक्षीदार, आणि लाकडं एकाच प्रजातीतली. चोर बाजारात दोन्ही शेजारी उभी असतात आणि दोन्हींना ‘चायनीज’ म्हटलं जातं.

इथे भिंग आणि वजनकाटा फारशी मदत करणार नाहीत. सांधे पाहा. बैठकीचे कोपरे तिरपे जोडून आत फळी सैल बसवलेली, तळाला आडव्या पट्ट्या, पाय बैठकीच्या चौकटीतून वर येऊन पाठीचे खांब झालेले : ही चिनी रीत. मुंबईच्या कामाची बांधणी युरोपियन फर्निचरच्या रीतीची असते आणि नक्षीत वेली, पानं, मोर, देवळातल्या कोरीव कामाची आठवण देणारे आकार दिसतात. मुंबईचं म्हणून कळलं तर मन खट्टू करण्याचं काहीच कारण नाही. ते काम त्याच्या जागी तितकंच अस्सल आहे.

9. सगळं एकत्र

समजा, तुमच्यासमोर लाल रंगाचं कपाट आहे, दारांवर मोठी गोल पितळी चकती. विक्रेता म्हणतो, "शान्शीचं, लग्नातलं, 1850 चं." मधली पट्टी काढून मोजली, घनता 0.63. पायाच्या टोकाला छिद्रांची वलयं आणि नागमोडी पट्टे. म्हणजे एल्म, प्रांत आणि लाकूड जुळलं. पाठीच्या फळ्या हातकरवतीच्या, त्यांवर करड्या लेपाचे तुकडे. चकतीच्या खिळीची टोकं आतून लाकडात रुतलेली. पायाच्या टोकांना कुजल्याच्या खुणा. इथपर्यंत सगळं दाव्याच्या बाजूने. पण आतले दोन खण ओढून पाहिले तर तळाच्या फळ्यांवर करवतीच्या कमानी आणि कडेला तारेचे खिळे.

निर्णय असा : कपाट जुनं, एकोणिसाव्या शतकातलं असू शकतं, खण विसाव्या शतकातले. त्या कपाटाला ‘1850’ ही नेमकी तारीख देण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही. ‘एकोणिसावं शतक, खण बदललेले’ असं लिहून देणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून घ्या. नेमकं साल सांगणाऱ्याकडे ते साल कुठून आलं हे विचारा.

आता एक विनंती. घरात अशी वस्तू असेल तर ती ओळखेपर्यंत तिला रंधा, सँडपेपर, नवं पॉलिश, नव्या कड्या, यांतलं काहीही लावू नका. तळाचे, पाठीचे, सांध्यांचे फोटो काढा आणि सुटलेली प्रत्येक मेख, खिळी, पट्टी एका पिशवीत ठेवा. परदेशी नेण्याचा विचार असेल तर आधी चौकशी करा : भारतात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि सरकारी परवान्याविना बाहेर नेता येत नाहीत, रक्तचंदनावर 1995 पासून आणि शिसवीच्या संपूर्ण प्रजातीवर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत.